पाठीवरचं नाव

बर्च रॅपिड्स गावच्या बर्फावरच्या हॉकी टीमचा इतिहास ज्याला हवा असेल त्याने रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कचेरीत जाऊच नये. तिथे कपाटं आहेत, कपाटांत फायली आहेत आणि फायलींत निम्म्या थापा आहेत. त्याने सरळ इर्या रौतियोला गाठावं. चाळीस वर्षं या टीमची एकूण एक जर्सी तिच्या हाताखालून गेली. कोणत्या हिवाळ्यात कोण कोणाशी भिडलं हे ती फाटलेल्या बाह्यांवरून सांगते, आणि कोणता मालक चिक्कू होता ते कापडावरून.

टीमचं नाव टिंबरमेन, म्हणजे लाकूडतोडे. १९४९ साली कागद गिरणीतल्या लोकांनी ती काढली तेव्हा जर्सी लोकरीच्या होत्या, गडद हिरव्या. सामना संपेपर्यंत घाम आणि बर्फ पिऊन त्या इतक्या जड होत की वाळत घालायची दोरी जमिनीला टेकायची. इर्याची आई त्या धुवायची. १९६६ साली, एकोणीस वर्षांच्या इर्याने आईच्या हातातली सुई घेतली आणि रिंकच्या कपडे बदलायच्या खोलीशेजारच्या कोंदट कोनाड्यात आपलं पायमशीन मांडलं. लोकर जाऊन नायलॉन आलं. छातीवर गाड्यांच्या दुकानाचा बिल्ला आला, तो गेला, तिथे फर्निचरवाल्याचा आला. टीम तीनदा बंद पडली आणि तीनदा उठली. दर वेळी नव्या मालकाने हिरव्याची नवी छटा आणली आणि दर वेळी इर्याने नाक मुरडलं. "हा काय हिरवा? हा तर आजारी बेडूक," असं ती १९८८च्या जर्सीला तोंडावर म्हणाली होती, आणि मालक तिथेच उभा होता.

सगळ्यात मोठा बदल झाला १९७७च्या हिवाळ्यात. वरच्या लीगमध्ये पाठीवर नावं आली, म्हणून आमच्याकडेही आली. आता खालच्या लीगची गंमत अशी की माणूस आज आहे, उद्या नाही. पोरगं नोव्हेंबरात येतं, डिसेंबरात कुठल्या तरी दुसऱ्या गावाला विकलं जातं. इर्याचं निम्मं आयुष्य नावं लावण्यात आणि निम्मं ती उसवण्यात गेलं. उसवलेलं नाव मात्र तिने कधी फेकलं नाही. निघालेल्या पोराच्या हातात ती पट्टी द्यायची आणि म्हणायची, "घे, हे तुझं. जर्सी गावाची." दातांनी बाटली उघडणारे दांडगे गडी ती पट्टी खिशात घालताना डोळे पुसायचे.

तिचा नवरा वेइक्को गिरणीत तीन नंबरच्या यंत्रावर होता, आणि गोलकीपर होता. टीमचा नव्हे, गिरणीतल्या हौशी संघाचा. पण आमच्या लीगमध्ये एक पद्धत आहे: टीमचे दोन्ही गोलकीपर निकामी झाले तर गावातला एक माणूस तयार ठेवायचा. त्याने दर सामन्याला आपलं सामान घेऊन यायचं, प्रेक्षकांत बसायचं आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघायची. बदल्यात फुकट कॉफी. वेइक्को १९६७ सालापासून ही नोकरी करत होता. अकरा हिवाळे. त्याची पॅडची पिशवी दाराशी, आणि तो नवव्या रांगेत, बुटांच्या नाड्या सैल करून. गावाने चेष्टा करायची तेवढी करून घेतली. "काय वेइक्को, आज तरी?" असं प्रत्येक जण विचारायचा आणि तो हाताने 'जा रे' करायचा.

बोलावणं यावं असं मनातल्या मनातही म्हणायचं नाही, कारण त्याचा अर्थ दुसऱ्याला इजा व्हावी असा होतो. म्हणून नावं आली त्या वर्षी इर्याने सगळ्यांची अक्षरं कापून डब्यात ठेवली, पण 'रौतियो' कापलं नाही. तो अपशकुन झाला असता. दुसऱ्यांची अक्षरं कापताना तिची कात्री दोनदा थबकली होती, एवढंच.

आणि मग १९७८चा फेब्रुवारी. दुपारपासून असं बर्फ पडत होतं की रिंकवर जेमतेम दोनशे माणसं आली. दुसरा गोलकीपर हायवेवर अडकला. पहिला, ल्युसियन आर्सेनो, पहिला भाग संपता संपता बर्फावर कोसळला. खेळायची रबरी चकती मुखवट्यावर आदळली आणि भुवई फाटली. आयर्न बेविरुद्धचा सामना, बरोबरी एक-एक. प्रशिक्षक बड मॅकेलरी बाकावर चढून नवव्या रांगेकडे बघत ओरडला, "रौतियो! पाय आहेत ना अजून?"

वेइक्को इर्याच्या कोनाड्यात आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. टीमकडे गोलकीपरची एकच जर्सी धुतलेली होती, ती आर्सेनोची. मॅकेलरीने ती इर्याच्या मांडीवर टाकली आणि म्हणाला, "डॉक्टर टाके घालतोय, मैदान साफ होतंय. वीस मिनिटं आहेत. जमेल ते कर."

वीस मिनिटं! जुनं नाव उसवायला तीन लागतात. अक्षरं कापून लावायला बारा. घाई असेल तर दहा. इर्याला हे आरशासारखं स्पष्ट माहीत होतं. तिने उसवायची कात्री हातात घेतली, आर्सेनोच्या पहिल्या अक्षराखाली तिचं टोक घातलं आणि ती थांबली. पस्तीस वर्षांचा नवरा, गुडघा वाकडा, दर मंगळवारी गिरणीच्या फोरमनलोकांचे गोल खाणारा. हा आता आयर्न बेसमोर उभा राहणार. पाच, सहा, आठ गोल बसणार. लोक हसणार. आणि हसताना जे नाव वाचणार ते तिचंही नाव, तिच्या पोरींचंही. सोमवारी गिरणीत, मंगळवारी शाळेत, बुधवारी चर्चमध्ये. तिने कात्री बाजूला ठेवली.

"वेळ नाही पुरायचा," ती म्हणाली. "अशीच घाल."

वेइक्कोने मान हलवली. त्याचं लक्षच नव्हतं. तो आर्सेनोचं नाव पाठीवर घेऊन बाहेर पडला.

पुढची चाळीस मिनिटं ज्यांनी बघितली त्यांना विचारा, म्हणजे जे उरलेत त्यांना. चौतीस फटके आले, आणि या माणसाने त्यातला एक आत जाऊ दिला. एक! तो पडला, लोळला, एकदा तर तोंडाने अडवतोय की काय असं वाटलं. अकरा हिवाळे बसून बसून त्याने आयर्न बेच्या प्रत्येक खेळाडूची खोड पाठ केली होती. कोण मारायच्या आधी खांदा पाडतो, कोण वर मारतो. टिंबरमेन चार-दोन जिंकले. दोनशे माणसांनी दोन हजारांचा आवाज काढला. इर्या कोनाड्याच्या दारात उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या, वाजवल्या, आणि मग आत जाऊन मशीनवर डोकं टेकून रडली. लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होताच की, पण तेवढाच नव्हता.

गुणलेखक म्हणून बसायचे ते म्हातारे, डोळ्यांनी अधू. पाठीवर नावं आल्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता, कारण आता नंबर पाठ करायला नकोत. त्यांनी पाठीवर वाचलं ते कागदावर लिहिलं: आर्सेनो, साठ मिनिटं. वर्तमानपत्रवाल्याने कागदावरून उतरवून घेतलं. कोणी दुरुस्त केलं नाही, कारण गरजच काय? सगळ्या गावाला माहीत होतं. आणि सगळ्या गावाला जे माहीत असतं ते लिहून ठेवायचं कोणाला सुचत नाही. मग गिरणी बंद पडली, माणसं पांगली, मेली, आणि उरला तो कागद.

वेइक्को आणखी चार हिवाळे नवव्या रांगेत बसला. पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या सामन्यानंतर आठवड्याने इर्याने पांढऱ्या कापडातून 'रौतियो'ची अक्षरं कापली, बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली आणि त्याबद्दल कोणाजवळ एक शब्द काढला नाही.

यंदा टीमला पंचाहत्तर वर्षं झाली. शाळेच्या ग्रंथालयातला डॅरिल मिखालचुक हौसेने कामाला लागला. रिंकच्या दाराशी मेपलच्या लाकडाचा मोठा फलक लावायचा, जो जो एक मिनिट जरी टिंबरमेनकडून बर्फावर उतरला त्याचं नाव त्यावर कोरायचं, आणि हयात असतील त्यांना नवी जर्सी घालून रविवारी मैदानात उतरवायचं, असं ठरलं. डॅरिल यादी घेऊन रौतियोंच्या स्वयंपाकघरात आला.

"मिसेस रौतियो, तुमच्याएवढी नावं कोणाच्या हातून गेली नाहीत," तो म्हणाला. "काही राहिलं असेल तर खूण करा."

इर्याने त्याला कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला, चष्मा लावला आणि इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली यादी खाली खाली वाचत गेली. रँकिन. रासिको. आणि मग थेट रेनॉल्ड्स. मधे रौतियो नव्हतं. डॅरिल गेल्यावर तिने कागद वेइक्कोपुढे सरकवला आणि भांडी घासायच्या मिषाने पाठ फिरवली, पण खिडकीच्या काचेत तो दिसत होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाचं बोट यादीवरून उतरत उतरत रासिको आणि रेनॉल्ड्सच्या मधे येऊन थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्याने कागदाची घडी घातली.

"चांगली पोरं होती एकेक," तो म्हणाला.

"तू नाहीस त्यात."

"नसेना. ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं."

"त्यातले किती उरलेत? तू, मी आणि तो बहिरा ओयला!"

"मग ओयलाला विचारा," वेइक्को म्हणाला आणि लाकडं फोडायला गेला. लाकडं आदल्याच दिवशी फोडून झाली होती.

इर्याच्या जिवाला ते बोट लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने कोट चढवला आणि डॅरिलला हाताला धरून रिंकच्या बोळात नेलं. तिथे शेहेचाळीस वर्षं एक फोटो टांगलेला आहे, गोलच्या मागच्या काचेतून काढलेला. गोलकीपर गुडघ्यांवर कोसळलाय, पाठीवर ठळक 'आर्सेनो', आणि वर केलेल्या हातमोज्यात चकती अडकलीय. खाली लिहिलंय: ल्युसियन आर्सेनो, फेब्रुवारी १९७८.

"काय दिसतं?" इर्याने विचारलं.

"आर्सेनो. भारी झेल आहे."

"हॉकीच्या गावात जन्मलास ना रे तू? कोणत्या हातात झेल आहे?"

डॅरिल बघत राहिला. गोलकीपर झेल घेतो डाव्या हाताने. काठी उजव्या हातात. आर्सेनोही तसाच होता. फोटोतला हात उजवा होता. बर्च रॅपिड्समध्ये त्या काळी उजव्या हाताने झेल घेणारा गोलकीपर एकच, आणि तो डावखुरा वेइक्को रौतियो.

"अरे देवा," डॅरिल म्हणाला. "मी लहानपणापासून या फोटोखालून जातोय."

"तू कशाला, अख्खं गाव जातंय."

डॅरिलला काय करू आणि काय नको असं झालं. नाव कोरायलाच हवं, फोटोखालची पट्टी बदलायलाच हवी! त्याने तिथल्या तिथे वही काढली. "पट्टीवर एक ओळ घालू या. 'जर्सीवरचं नाव बदलायला वेळ नव्हता.' असंच झालं ना, मिसेस रौतियो? तुम्हीच तिथे होतात."

'हो' म्हणायला काय जात होतं? शेहेचाळीस वर्षं म्हणतच आली होती. पण आता ते धातूवर कोरलं जाणार, त्याच्या नावाखाली, आणि ती गेल्यावरही तिथेच राहणार.

"रविवारी सांगते," ती म्हणाली.

शनिवार म्हणजे सॉनाचा, अंगणातल्या वाफेच्या खोलीत बसायचा दिवस. आमच्या फिनलंडहून आलेल्यांच्या घरांत पोर रांगायला लागल्यापासून शिकवतात की सॉनात चर्चसारखं वागायचं. आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही. इर्याने मुद्दाम तीच जागा निवडली. लबाडीच म्हणा हवं तर. दोघं घामाने निथळत लाकडी फळीवर बसली होती, अंगणात उजेड होता, आणि ती म्हणाली, "वेइक्को, वेळ होता."

"कसला वेळ?"

"जर्सीचा. वीस मिनिटं होती. मला पंधरा पुरली असती. मी लावलं नाही."

वेइक्कोने बादलीतून पळीभर पाणी घेऊन तापल्या दगडांवर ओतलं. वाफ उठली.

"का?"

"मला वाटलं, तू गोल खाशील. लोक हसतील. आपल्या नावाला हसतील."

आणखी एक पळी. कान भाजायला लागले.

"किती?"

"काय किती?"

"किती गोल खाईन असं वाटलं होतं?"

इर्याने डोळे मिटले. "आठ."

"आठ!" आवाज चढणार होता, पण नियम आठवला, आणि वेइक्कोने तो गिळला. त्याने तिसरी पळी ओतली. चौथी. पाचवी. श्वास घेता येईना एवढी वाफ झाली, इर्याचं डोकं गरगरायला लागलं, पण ती उठली नाही. ओरडायची सोय नव्हती. तो बिचारा दगडांवरच राग काढत होता. शेवटी बादली रिकामी झाली.

"अकरा वर्षं मी तिथे बसलो," तो हळूच म्हणाला. "सगळं गाव चेष्टा करायचं. मला त्याचं काही नव्हतं. मला वाटायचं, एक माणूस तरी आहे त्या कोनाड्यात, ज्याला खात्री आहे."

तो उठला आणि बाहेर जाऊन बर्फात बसून राहिला. रात्री त्याने सूप न बोलता खाल्लं. सकाळीही बोलला नाही. इर्याला वाटलं, आयुष्यभर पोटात ठेवलेलं आता एवढ्याशासाठी सांगून मी काय मिळवलं? तो एक सामना त्याचा होता. तोही आपण नासवला.

तरीही निघताना तिने शिवणाची पेटी पर्समध्ये घातली. रिंकवर जाताना ती पेटी न घेता ती कधी गेलेलीच नव्हती.

रविवारी दुपारी रिंक भरलं होतं. म्हातारे खेळाडू नव्या जर्सी घालून एकमेकांच्या पोटांवर टपल्या मारत होते. फलकावर रासिको आणि रेनॉल्ड्सच्या मधे वेइक्को रौतियो होता. कोरलेलं लाकूड अजून ताजं, बाजूच्यापेक्षा पांढरं. वेइक्कोने त्यावरून अंगठा फिरवला आणि झटकन काढून घेतला.

डॅरिल धावत आला, ओशाळलेला. "मिस्टर रौतियो, माफ करा. तुमचं नाव उशिरा कळलं. शहरातल्या दुकानाने तुमची जर्सी कोरीच पाठवली. छातीवर नंबर आहे, पाठ मोकळी आहे. आज तशीच घालाल का? आणि मिसेस रौतियो, ती फोटोखालची ओळ? वेळ नव्हता, असंच लिहू ना?"

इर्याने तोंड उघडलं, पण वेइक्को आधी बोलला.

"लिही की वेळ होता, पण बायकोचा भरवसा नव्हता."

डॅरिल पोट धरून हसला. "तुम्ही पण ना!" त्याला गंमत वाटली. इर्याचा चेहरा त्याने बघितलाच नाही. "बरं, ओळ नकोच. नाव पुरे," असं म्हणत तो बाकीच्यांना गोळा करायला पळाला. "वीस मिनिटांत मैदानात यायचंय हं!" लांबून त्याने आवाज दिला.

वेइक्को ती कोरी जर्सी हातात धरून उभा राहिला. मग बोळाच्या टोकाच्या जुन्या कोनाड्याकडे चालू लागला. तिथे आता झाडू-बादल्या ठेवतात. त्याने एक बादली पालथी घातली, तिच्याकडे बोट केलं आणि कालपासून पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"पेटी आणलीयस ना?"

"आणलीय."

"मग बस. वीस मिनिटं आहेत."

इर्या बसली. त्याने जर्सी तिच्या मांडीवर ठेवली, मॅकेलरीने टाकली होती तिथेच. तिने पेटीतला बटणांचा डबा उघडून तळाशी हात घातला आणि शेहेचाळीस वर्षांपूर्वी कापलेली अक्षरं बाहेर काढली. पांढरी होती, आता साईच्या रंगाची झाली होती. वेइक्को ती अक्षरं बघत राहिला.

"ही कधी कापलीस?"

"नंतरच्या आठवड्यात."

तिची बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती. सुईत दोरा जाईना. त्याने तिच्या हातातून सुई घेतली, उजेडाकडे धरली, दोरा ओवला आणि परत दिली. तिने टाके घालायला सुरुवात केली. दोनदा बोटाला टोचलं, एकदा दोरा गुंतला, डोळ्यांत पाणी आल्याने एक अक्षर दिसेनासं झालं. बाहेर एकेकाचं नाव पुकारायला लागले होते. तो दारात पाठ टेकून उभा होता आणि त्याने एकदाही 'लवकर' म्हटलं नाही.

शेवटचा दोरा तिने दातांनी तोडला. जर्सी त्याच्या डोक्यावरून खाली ओढली, पाठीवरून हात फिरवून सारखी केली.

"सरळ बसलंय का?" त्याने विचारलं.

"शेवटचं अक्षर जरा वर चढलंय."

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं तर," वेइक्को म्हणाला, आणि नाव पुकारल्यावर वाकड्या गुडघ्याने, घाई न करता, पाठ तिच्याकडे करून बर्फावर गेला.